प्रार्थनेचा विषय

आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवता येणारा मी एकटाच होतो. पुढे जे घडलं त्यातली निम्मी गुंतागुंत या एका गोष्टीमुळे झाली, असं मला आजही वाटतं. पेटी येत नसती तर त्यांनी मला सरळ बाहेर काढलं असतं, मी काही दिवस रडलो असतो आणि मोकळा झालो असतो. पण मोहाडीसारख्या गावात, जिथे आमची मंडळी म्हणजे बोटांवर मोजता येतील इतकी घरं आणि आजूबाजूच्या खेड्यांतून सायकलीवर येणारी थोडी माणसं, तिथे पेटीवाला घालवणं परवडणारं नव्हतं. पेटी नसली की आमचं गाणं पहिल्या कडव्यातच खाली घसरायचं आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत पुरुष एका सुरात, बायका दुसऱ्या सुरात, असं व्हायचं. मी ती सगळी गाडी रुळावर ठेवायचो. त्यामुळे त्यांना मला टाकवत नव्हतं आणि घेववतही नव्हतं, आणि या दोन्हींच्या मध्ये माझी उमेदीची वर्षं गेली.

आमचं घर तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत होतं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आणि चर्चच्या पंचकमिटीत. आई सरकारी दवाखान्यात नर्स. गावातल्या कितीतरी पोरांना जन्मताच पहिली चापट तिनं मारली होती, त्यामुळे बाजारात ती निघाली की वांगीवाल्यापासून बांगडीवाल्यापर्यंत सगळे तिला सिस्टरबाई म्हणून हाक मारायचे. रविवारी सकाळी आमच्याकडे एक ठरलेली गडबड असायची. बाबा अंगणात आरसा टांगून दाढी करायचे आणि त्या दिवशीची गाणी गुणगुणायचे. साबण तोंडात जाऊ नये म्हणून ओठ मिटून गुणगुणायचे, त्यामुळे सगळीच गाणी सारखी वाटायची. आई आत पाट्यावर लसूण-मिरची वाटायची, आणि वाटता वाटता बाबांचा सूर चुकला तर तिथूनच "वर घ्या, वर घ्या" म्हणून ओरडायची. चर्चहून परत आल्यावर भात आणि वांग्यात टाकलेले सुके झिंगे. थंडीत लाखोरीच्या डाळीचे वडे, वर भरपूर सांबार पेरलेला. म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तिला सांबारच म्हणतात. पुण्यामुंबईचे पाहुणे हे ऐकून गोंधळायचे आणि आई त्यांना हसायची. शेजारी धानाची गिरणी होती, तिला रविवार माहीत नव्हता. उपासनेला जाताना आणि येताना तिचा घरघराट आणि हवेत उडणारा कोंडा अंगावर घेऊनच आम्ही जायचो. पांढऱ्या सदऱ्यावर तो पिवळसर दिसायचा.

मी तेव्हा भंडाऱ्याला पितळेच्या भांड्यांच्या एका दुकानात कामाला होतो. सकाळच्या एसटीनं जायचं, दिवसभर मागच्या बाजूची ठोकाठोक ऐकायची आणि संध्याकाळी परत. आणि मी कसा आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. त्याला तेव्हा माझ्याजवळ शब्द नव्हता. आमच्याकडे त्यासाठी जे शब्द होते ते सगळे शिव्यांचे होते, आणि पुरुषाला पुरुषावर प्रेम बसतं ही साधी गोष्ट त्यातल्या एकाही शब्दात मावत नव्हती. मी शुक्रवारी उपास धरायचो. देवाकडे मागायचो की मला बदल. वर्षानुवर्षं मागितलं. बदललो नाही. पण एक विचित्र गोष्ट अशी, की मागता मागता देव जवळचा झाला. जो माझं ऐकत नव्हता त्याच्याशीच मी सगळ्यात जास्त बोलायला लागलो होतो.

अनिल तहसील कचेरीत कारकून होता. नाकाडोंगरीचा, घर बौद्ध, मोहाडीत भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा. गल्लीच्या तोंडाशीच त्याची खोली. आमची ओळख नळावरच्या पाण्यावरून झाली आणि मग ती पाण्यापुरती राहिली नाही. शनिवारी संध्याकाळी मी चर्चमध्ये पेटीचा सराव करायचो तेव्हा तो बाहेरच्या कट्ट्यावर बसून ऐकायचा. आत कधी आला नाही. "तुमच्या देवाले मी काही मागत नाई," म्हणायचा, "मी फक्त पेटीवाल्यासाठी येतो." मी आत गाणं वाजवायचो, समोर भिंतीवर लाकडी क्रूस, खिडकीतून त्याची पाठ दिसायची. त्या तासाभरात मला कधीही असं वाटलं नाही की मी दोन माणसं आहे. लोकांनी नंतर मला फार समजावलं की या दोन गोष्टी एका माणसात राहूच शकत नाहीत. मी त्यांना काय सांगणार? शनिवारी संध्याकाळी त्या राहत होत्या. मी पाहिलं होतं.

मग गोंदियाचं स्थळ आलं. चांगली मुलगी होती, शाळेत शिकवायची, आवाज गोड. बाबांना आवाजच आवडला. "तू पेटी वाजव, ते पोरगी गाईल," म्हणाले, जणू लग्न म्हणजे रविवारची उपासना. मी आज नको, उद्या बघू करत राहिलो. शेवटी मला वाटलं की कुणाला तरी खरं सांगितलं पाहिजे, आणि खरं सांगायला चर्चच्या पाळकाइतकी योग्य जागा कोणती? पाळकसाहेब नगरकडचे. भाषा शुद्ध, स्वभाव मऊ. आजाऱ्याच्या उशाशी बसायचे तेव्हा त्याचा हात हातात घेऊन बसायचे. मी त्यांच्या घरी गेलो आणि सांगून टाकलं. अनिलचं नावही सांगितलं, कारण नाव न घेता ते सांगता येत नव्हतं.

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"विनय, बाळा, तू हे प्रकाशात आणलंस. हेच मोठं आहे. आता तू एकटा नाहीस."

"हे तुमच्यापाशीच राहील ना, साहेब?"

"तुझ्यासाठी प्रार्थना करणार," ते म्हणाले.

मला ते 'हो' वाटलं. मी इतका हलका होऊन घरी आलो की आईनं वडे तळायला घेतले होते ते उभ्यानंच खात सुटलो. ती म्हणाली, "अबे, बाबासाठी ठेव," आणि मी हसलो. किती दिवसांनी हसलो असेन.

आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी घरोघरी प्रार्थना असायची, आळीपाळीनं. त्या गुरुवारी आमच्या घराची पाळी होती. सतरंजी घातली, देव्हाऱ्याऐवजी आमच्याकडे दिवाणखान्यात मधोमध बाबांची खुर्ची असायची, ती बाजूला सरकवली. माणसं आली. ग्रेसमावशी आली, ती महिला मंडळाची पुढारी आणि आईची जुनी मैत्रीण, माझे लाड करणारी, नाताळात माझ्यासाठी वेगळ्या करंज्या आणणारी. गाणं झालं, वाचन झालं आणि सगळ्यांनी डोळे मिटले. एकामागून एक जण प्रार्थना करू लागले. कुणी पिकासाठी, कुणी परीक्षेसाठी. मग मावशीचा आवाज लागला.

"हे प्रभू, आमच्या या लेकरासाठी येतो आम्ही तुझ्यापाशी. विनयबाबूले त्या बंधनातून सोडव, बापा. त्या तहसीलवाल्या पोराचा संग तोड. त्याच्या मनात बाईमाणसाची ओढ घाल. आमची पेटी शुद्ध कर, प्रभू."

मी डोळे उघडले. समोर बाबांचेही उघडे होते. बाकी सगळ्यांचे मिटलेले, आणि त्या मिटलेल्या चेहऱ्यांवर कुठेही आश्चर्य नव्हतं. त्यांना माहीत होतं. खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त माझ्या आईबापांना सोडून. मावशी थांबली, सगळे आमेन म्हणाले, आणि सवयीनं माझ्याही तोंडून आमेन निघालं. त्या एका शब्दाचा राग माझ्या मनात इतरांच्या सगळ्या शब्दांपेक्षा जास्त वर्षं राहिला. नंतर आईनं चहा दिला, चिवडा दिला. कुणीही उठून गेलं नाही. सगळ्यांनी चिवडा खाल्ला. मावशी जाताना माझ्या गालावरून हात फिरवून गेली.

माणसं गेल्यावर बाबांनी दार लावलं.

"खरं हाय हे?"

"हाव, बाबा."

"अजून कोणाकोणाले ठाऊक हाय?"

हा त्यांचा दुसरा प्रश्न होता. तिसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. मी कसा आहे, कधीपासून, मला काय होतं, यातलं काही नाही. आई कपबशा विसळत होती. पाण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुकानाला दांडी मारून मी पाळकसाहेबांकडे गेलो. ते कुंडीतल्या गुलाबाला पाणी घालत होते.

"तुम्ही सांगितलं सगळ्यांना."

"मी कुणालाही सांगितलं नाही, विनय. महिला मंडळाला प्रार्थनेचा विषय दिला, एवढंच."

"गावभर झालं, साहेब."

"गावभर प्रार्थना होते आहे, असं समज."

आणि त्यांना ते खरंच तसं वाटत होतं, हीच अडचण. ते खोटारडे असते तर मी भांडलो असतो. मऊ माणसाशी भांडता येत नाही. हात मारावा तिथे उशी लागते. आज इतक्या वर्षांनी, केस पांढरे झाल्यावर, मी हे लिहितोय तरी तो राग माझ्या हाताला लागत नाही. तो उशीतच अडकून बसलाय.

पंचकमिटी बसली. निर्णय बाबांनीच घरी येऊन सांगितला, दप्तर खुंटीला अडकवता अडकवता, जणू शाळेतल्या सुट्टीचं सांगतायत. विनयनं पेटी वाजवत राहावी, ती सेवा आहे. पण पश्चात्ताप होऊन लग्न ठरेपर्यंत प्रभुभोजन घेऊ नये.

"म्हणजे वाजवायला मी चालतो, आणि भाकर खायला नाही?"

"तसं नाई ते."

"मग कसं हाय? सांगा ना. तुम्ही काय म्हणालात तिथे?"

"मी घरचा ना बाबू. मी कसा बोलू? मी चूप बसलो."

त्यांना वाटलं होतं की चूप बसून त्यांनी माझ्यावर उपकार केले. मी अनिलला जाऊन हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आमच्या आजोबाले पंगतीत बसू देत नव्हते, पण डफडं वाजवाले बोलवत. तुले दुसरं काय सांगून राहिले हे?" मी म्हणालो, तसं नाही, हे वेगळं आहे. "काय वेगळं हाय?"

तरी मी वाजवत राहिलो. काहून, ते विचारू नका. सोडून द्यावं असं रोज वाटायचं, आणि रविवार आला की पाय तिकडेच वळायचे. आमच्याकडे प्रभुभोजन, म्हणजे प्रभूचं शरीर म्हणून भाकरीचा तुकडा घ्यायचा विधी, महिन्यातून एकदा. माणसं रांगेनं पुढे येऊन कठड्याशी गुडघे टेकायची, पाळकसाहेब तुकडा हातावर ठेवत जायचे, आणि ते सगळं होईपर्यंत मी हळू आवाजात पेटी वाजवत राहायचो. पूर्वी शेवटी ते माझ्यापाशी यायचे आणि मी भाता सोडून हात पुढे करायचो. आता ते माझ्यापाशी यायचे नाहीत. माझ्यासमोरून ताट परत न्यायचे, आणि जाताना हलकंसं हसायचे, धीर दिल्यासारखं. ते हसू मला सहन होत नव्हतं.

तो रविवार थंडीतला होता. लवकर सुटून बाहेर उन्हात बसता यावं म्हणून सगळे घाईत होते. रांग लागली. मी वाजवत होतो आणि अचानक मला माझीच बोटं परकी वाटली. मी कुणासाठी वाजवतोय? ही माणसं जेवतायत आणि मी त्यांच्या जेवणाला संगीत देतोय. मी भाता सोडला. पेटीचा सूर एकदम खाली बसला. लोकांचं गुणगुणणं थोडं पुढे गेलं आणि विझलं. मी उठलो, चालत गेलो आणि कठड्याशी मोकळी जागा होती तिथे गुडघे टेकले. शेजारी कोण आहे हे मी पाहिलं नव्हतं. आई होती.

पाळकसाहेब एका टोकाकडून येत होते. त्यांनी मला पाहिलं. येता येता त्यांची पावलं मंदावली, पण ते थांबले नाहीत. आईच्या हातावर त्यांनी तुकडा ठेवला, माझ्या पसरलेल्या हातांवरून त्यांचा हात गेला आणि पुढच्या माणसाच्या हातावर उतरला. माझे हात तसेच. मागे कुणीतरी खोकलं.

आईनं तिचा तुकडा अजून खाल्ला नव्हता. ती भाकर तिनंच आदल्या दिवशी घरी भाजली होती, बिनखमिराची, दर महिन्याला तीच भाजायची. तो नखाएवढा तुकडा तिनं दोन बोटांनी मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"घे."

"सिस्टर," पाळकसाहेब वळून हलकेच म्हणाले, "असं करता येत नाही."

"तुमी देऊन नाई राहिले ना," आई म्हणाली. ती काही ओरडली नाही, पण दवाखान्यात बाळंतिणीच्या नातेवाइकांना बाहेर हाकलताना जो आवाज काढायची तो काढला. "म्हणून मी देते."

मी ते खाल्लं. त्याला चव अशी नव्हतीच. मागे बाबा पुरुषांच्या बाजूला बसले होते. ते उठले नाहीत, पण त्यांनी गाणं सुरू केलं. पेटीशिवाय, एकट्यानं, फार वरच्या पट्टीत. हळूहळू इतरांनी ते धरलं. सगळे बेसूर गात होते आणि मी जागेवरून हललो नाही.

आता हे इथे संपवलं असतं तर किती छान झालं असतं. मी चर्चमधल्या लोकांना ही गोष्ट सांगतो तेव्हा बऱ्याचदा इथेच थांबतो, आणि त्यांचे डोळे ओले होतात. पण त्या दिवशी आम्ही घरी गेलो, आणि जेवताना आईनं माझ्या ताटात भात वाढला, वर झिंगे वाढले, आणि म्हणाली, "आता गोंदियावाल्याइले हो म्हणून टाक."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"प्रभूचं शरीर पोटात गेलं ना तुझ्या," ती म्हणाली, "आता होते सारं बरोबर. त्याइनं तुझं औषधच बंद करून ठेवलं होतं. मंग बरा कसा होशील तू?"

ती अगदी शांतपणे, खात्रीनं बोलत होती. तिनं माझ्यासाठी सगळ्या मंडळीसमोर पाळकाला तोंड दिलं होतं, आणि दिलं ते मी आजारी आहे म्हणून. मी ताटाकडे पाहत राहिलो. तिच्या पाया पडू की ताट भिंतीवर फेकू हे मला कळत नव्हतं, आणि आज ती नाही तरी मला ते कळलेलं नाही. मी म्हणालो, "आई, मी आजारी नाई." ती म्हणाली, "जेव." बाबा म्हणाले, "मीठ दे इकडे."

गोंदियाला मी स्वतः गेलो. मुलीच्या वडिलांना सांगितलं की तुमच्या मुलीत काही उणं नाही, मलाच लग्न करायचं नाही. ते अपमान झाल्यासारखे बघत राहिले, मुलगी मात्र दारापर्यंत आली आणि म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत." त्यानंतर मोहाडीत राहणं कठीण झालं. मी भंडाऱ्याला खोली घेतली. पुढे अनिलची बदली तिथेच झाली, आणि लोकांना आम्ही दोघं एका घरात राहतो याची सवय व्हायला वेळ लागला, पण झाली. भाडेकरू म्हणून, मित्र म्हणून, ज्याला जे म्हणायचं ते म्हणो. आई अधूनमधून यायची, अनिलसाठीही डबा आणायची आणि दोन वर्षं, चार वर्षं, दहा वर्षं गेली तरी जाताना विचारायची, "काही फरक हाय का?"

आता मी भंडाऱ्यातल्या चर्चमध्ये जातो. इथले पाळक तरुण आहेत, मोबाइलवरून वचन वाचतात, मला अंकल म्हणतात. प्रभुभोजन देतात, कुणी अडवत नाही. वाटलं, चला, जमाना बदलला. मग मी त्यांना म्हणालो, तुम्ही सगळ्यांच्या घरी प्रार्थनेला जाता, आमच्याकडेही या. अनिल चहा चांगला करतो. ते म्हणाले, "नक्की अंकल, वेळ बघून सांगतो." ते वेळ बघतायत. आमच्या पुढच्या घरी आले, मागच्या घरी आले, आमच्या फाटकावरून त्यांची गाडी जाते आणि ते हात करतात. मी एकटा त्यांना चालतो, घरातले आम्ही दोघं चालत नाही. मोहाडीत पेटी चालत होती, तसंच.

मागच्या रविवारी अनिलनं मला नेहमीसारखं स्कूटरनं चर्चच्या फाटकाशी सोडलं. आता त्याचेही गुडघे दुखतात, तरी तो सोडायला येतो आणि दर वेळी कुरकुरतो.

"इतक्या वर्षांत तुले एक दिवस धड वागवलं नाई यांनी," तो म्हणाला. "आमच्या लोकाइनं ज्या घरी मान नाई ते घरच सोडलं. मागं वळून नाई पाहिलं. तू काहून येत राहतो इथं? हे चर्च काय यांच्या बापाचं हाय?"

"बापाचंच हाय," मी म्हणालो. "पण बाप माझाही हाय."

तो हसला नाही. हेल्मेट काढून डोकं खाजवलं.

"मंग त्याच्या बाकीच्या पोराइले सांग ना हे."

"सांगूनच राहिलो."

"ऐकतेत का?"

"नाई."

आत पहिलं गाणं सुरू झालं होतं. मला उशीर झाला होता. मी फाटक ढकललं आणि आत गेलो.